घंगाळातला बाळकृष्ण

माझ्या बाळकृष्णाला सासूबाईंनी पाण्यात बुडवलं तेव्हा माझं डोकं खाली आणि पाय वर होते, म्हणून मी काही करू शकले नाही. एरवी मी बुडवू दिलं नसतं.

पाय वर का, ते आधी सांगते. लग्नानंतर आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहत होतो. ह्यांची नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात होती. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात सगळं संपलं होतं, आणि हौसेनं आणलेली लोकर तशीच ट्रंकेत गेली होती. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी हुकूमच सोडला, की बाळ होईपर्यंत खाट सोडायची नाही. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या, म्हणजे बाळ खाली सरकणार नाही. घाटात उताराला लावलेल्या गाडीसारखी मी तिरकी पडून असायची. "बाकी सब ऊपरवाले के हाथ में है," असं डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या. मी मनात म्हटलं, मागच्या वेळीही त्याच्याच हातात होतं की. त्यानंच पाडलं.

देवाशी माझा तेव्हा अबोला होता. भांडण नव्हे, अबोला. भांडणात निदान बोलणं तरी होतं. मी उदबत्ती लावायची, फूल वाहायची, पण तोंडातून चकार शब्द काढायची नाही. बिनसलेल्या नणंदेला मुकाट्यानं पान वाढावं, तसं आमचं चाललं होतं.

अशात सासूबाई साताऱ्याहून आल्या. मी त्यांना आई म्हणत असे. येताना त्यांनी तांब्याचं मोठं घंगाळ आणलं, दोन दिवस गाडीत मांडीवर घेऊन. सुनेच्या न्हाणीघरात प्लास्टिकची बादली आहे हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते त्यांना अजिबात झेपलं नव्हतं. गाडीतल्या एकानं म्हणे विचारलं, "माताजी, इसमें क्या बजाती हो?" हा प्रश्न त्या दिल्लीत उतरल्यावरही विसरल्या नव्हत्या.

आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं, मग सरळ देवघराकडे गेल्या. आमचं देवघर म्हणजे भिंतीतला एक कोनाडा, माझ्या खाटेवरून दिसणारा. त्यांनी माझा बाळकृष्ण उचलला. आमच्याकडे लग्नात आईवडील मुलीला अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात, तो हा माझ्या माहेरचा, रांगणारा, हातात लोण्याचा गोळा घेतलेला, पितळेचा, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. घंगाळात पाणी भरलं आणि त्यांनी त्याला त्यात सोडलं. टण् असा आवाज झाला.

"आई, काय करताय!"

"देव पाण्यात ठेवलाय. तू सुखरूप बाळंत होईपर्यंत याची सुटका नाही."

हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. मुलाची परीक्षा असो की निवडणूक असो, लोक देव पाण्यात ठेवून बसतात. पण खरोखर ठेवलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"तुमचा गणपती बुडवा की. माझाच का?"

"मूल तुझं, मग देवही तुझाच हवा. माझा गणपती सातारकर आहे. त्याला दिल्लीतलं काय कळणार?"

यावर मला हसू फुटलं. पोट गदगद हलायला लागलं आणि आई ओरडल्या, "हसू नकोस! बाळाला धक्का बसेल!" त्या दिवसापासून घरात हसण्यावर बंदी आली. डॉक्टरीणबाईंनी असं काही सांगितलं नव्हतं, पण ते आईंना पटवणार कोण? मला तर खोडच आहे, भीती वाटली की हसू येतं. आणि त्या हिवाळ्यात मला इतकी भीती वाटत होती की सांगता सोय नाही. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पोटावर हात ठेवायची आणि बाळ हलेपर्यंत श्वास रोखून धरायची. ते हललं की दिवसभर कशानंही हसू यायचं. तोंडात रजई कोंबून मी हसायची.

रजई वरच्या मजल्यावरच्या आंटीजींची होती. आंटीजी पंजाबी, अंगानं भरभक्कम, बोलणं खडखडीत, हातात कायम लोकर आणि सुया. त्यांनी ती अगडबंब रजई माझ्यावर टाकली आणि आईंना अभिमानानं म्हणाल्या, "पानीपत की है! मेरा मायका है वहाँ."

आईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पानिपत हे कुणाचं माहेर असू शकतं, तिथे लोक नांदतात, लग्नं लावतात, कांबळी विणतात, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्या दिल्लीला येताना मनात दोनच गोष्टी घेऊन आल्या होत्या. एक माझं बाळंतपण, आणि दुसरी, जमलं तर पानिपतला काला अंबवर, लढाईत पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकावर, जाऊन फूल वाहून यायचं. आंटीजी रजईवरून हात फिरवत होत्या आणि आई मला हळूच म्हणाल्या, "आपली माणसं तिथे थंडीनं कुडकुडली गं. आणि या बायका रजया विकतात!"

"आई, दोनशे वर्षं झाली. तेव्हा या नव्हत्या विकत."

"असत्या तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. मी पुन्हा रजई तोंडात घातली.

आता खरी गंमत पुढे. एके दिवशी आंटीजी गाजराचा हलवा घेऊन खाली आल्या. डिसेंबर सरत आला होता, दिल्लीतलं नळाचं पाणी हात लावला तर चावत होतं. कोनाड्याखाली ठेवलेलं घंगाळ त्यांना दिसलं. वाकून पाहिलं तर तळाशी बाळकृष्ण. त्यांच्या हातातली वाटी पडता पडता राहिली.

"हाय रब्बा! बहनजी! आपके लड्डू गोपाल गिर गए!" आणि बाह्या सरसावून त्या हात घालणार, एवढ्यात आई घंगाळाच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"हात मत लावो! हमने उनको मुद्दाम बुडाया है."

"मुद्दा? कौन सा मुद्दा?"

"मुद्दा नही, मुद्दाम! बच्चा होने तक पाणी में रखेंगे. बच्चा हुआ के बाहर काढेंगे."

आंटीजींना ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्या मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या घरी लड्डू गोपाळांना थंडीत लोकरीचं झबलं, टोपी, मोजे, पायाशी रात्री गरम पाण्याची बाटली. सकाळी दूधसुद्धा कोमट करून. देव म्हणजे त्यांच्या लेखी घरातलं सर्वांत धाकटं मूल. आणि इथे खालच्या मजल्यावर तेच मूल बर्फासारख्या पाण्यात, उघडंवाघडं, लोणी हातात धरून.

"इतनी ठंड में? बहनजी, बच्चा है वो! निमोनिया हो जाएगा!"

"उसको त्रास होगा तभी तो काम करेगा."

"भगवान से ऐसे काम करवाते हैं? आप थानेदार हो?"

आईंचं नाक लाल झालं. त्या ठणकावून म्हणाल्या, "देखो, हमारे देव की चेष्टा मत करो!"

मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आंटीजींनी त्यांचा अर्थ घेतला आणि दोन्ही हात जोडून, अगदी मायेनं म्हणाल्या, "ना बहनजी, चेष्टा तो करनी ही पड़ती है. चेष्टा हम करें, बाकी उस पर छोड़ दें."

आई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? चेष्टा करणारच म्हणते! तोंडावर सांगते!"

मी काय सांगणार? माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डोकं खाली असल्यामुळे ते कानांत जात होतं. पोटातलं बाळही हसल्यासारखं लाथा मारत होतं. दोघींना एकमेकींचे शब्द समजावून सांगायला मला बराच वेळ लागला, कारण दर वाक्याला मी थांबत होते. समजल्यावर दोघी हसल्या, पण वाद मिटला नाही. आंटीजी रोज काही ना काही निमित्तानं खाली यायच्या, घंगाळात डोकावायच्या, उसासा टाकायच्या आणि जायच्या. आणि आई रोज घंगाळातलं पाणी बदलून तिथेच पाटावर बसायच्या, चोराची उलटतपासणी घेणाऱ्या हवालदारासारख्या.

मला आईंचाही राग येत होता. देवावर श्रद्धा आहे म्हणायचं आणि त्याला ओलीस ठेवायचं, ही कसली श्रद्धा? असं मी एकदा ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "मला नको विचारू. लहानपणी मॅट्रिकच्या निकालाच्या वेळी आमचा आख्खा देव्हारा पाण्यात होता. मी पास झालो, तेव्हा गणपतीचा रंग गेला होता."

पण मग एका सकाळी मी एक गोष्ट पाहिली. आईंना वाटलं मी झोपलेय. त्यांनी चुलीवरून, म्हणजे गॅसवरून, पातेलं उतरवलं. घंगाळातलं गार पाणी अर्धं काढलं, त्यात पातेल्यातलं ऊन पाणी घातलं, पदर खोचला आणि कोपर बुडवून पाहिलं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बायका बघतात तसं. आणखी थोडं ऊन घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. मग वर पाहिलं तर माझे डोळे उघडे.

"थंडीनं तांब्याला चीर जाते," त्या घाईनं म्हणाल्या.

थंडीनं तांब्याला चीर गेल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. पण मी मान हलवली.

आणि त्याच दुपारी, खरंच अर्धवट झोपेत असताना, मला त्यांचा आवाज ऐकू आला. पाटावर बसून त्या घंगाळाशी बोलत होत्या. "मागच्या वेळी मी नव्हते इथे. पोर एकटी होती. तू कुठे होतास? आता मी आलेय. या वेळी मला तोंड दाखवायचं असेल तर नीट वाग. मी तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ? मला दुसरं कुणी ठाऊक नाही रे."

शेवटचं वाक्य धमकीचं नव्हतं. आवाज ओला झाला होता. मी डोळे मिटूनच पडून राहिले. माझा अबोला होता, पण माझ्या वतीनं कुणीतरी भांडत होतं, रोज, पाटावर बसून, कोमट पाण्याशेजारी. मला त्या दिवशी किती बरं वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. गेल्या वर्षापासून छातीवर काहीतरी बसलेलं होतं ते थोडं सरकलं. मला पहिल्यांदा वाटलं, कदाचित या वेळी होईल. आणि मग मी रजईत तोंड घालून हसले, कारण पाठोपाठ आई म्हणाल्या, "पाणी फार ऊन नाही ना झालं?"

आंटीजींच्या लोहडीचा दिवस उजाडला. आमची संक्रांत दुसऱ्या दिवशी. मागच्या हिरवळीवर सगळ्या क्वार्टरांतल्या बायका ऊन खात बसल्या होत्या. कुणी मटार सोलत होतं, कुणी विणत होतं. आई तीळ निवडायला तिथेच गेल्या होत्या, माझ्या खिडकीच्या अगदी समोर, हाकेच्या अंतरावर. मला आठवा महिना लागून थोडेच दिवस झाले होते. मी छताकडे बघत होते आणि अचानक अंथरूण ओलं झालं. एकदम, भरपूर.

मी ओरडले, "आई!"

बाहेरून आंटीजींचा आवाज आला, "आई? कौन आई?"

"आई! पाणी गेलं!"

"जाऊ दे गं!" आईंनी तीळ पाखडता पाखडता उत्तर दिलं. "मी सकाळीच बादल्या भरून ठेवल्यात!"

आणि आंटीजी शेजारणीला समजावून सांगत होत्या, "कह रही है, बिजली आई, पानी गया. इन क्वार्टरों का यही हाल है."

दिल्लीत नळाचं पाणी रोज जायचं, वीज रोज यायची जायची, त्यामुळे कुणाचंच काही चुकलं नव्हतं. मी मात्र एका बाजूनं भीतीनं गारठले होते आणि दुसऱ्या बाजूनं हसत सुटले होते. हसले की पाणी आणखी जात होतं. "आई! नळाचं नाही! माझं! माझं पाणी गेलं!"

तिळाचं सूप उडालं. पुढच्या क्षणी आंटीजींचा आवाज आला, "आई! आई! मैं आई!" आणि धाडधाड पावलं वाजली. आई अशी हाक मारल्यावर "आई, आई" म्हणत धावून येणारी बाई माझ्या नशिबात होती, हे मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले आहे.

नाक्यावरची टॅक्सी आली. सरदारजी प्रत्येक खड्ड्याआधी गाडी थांबवून "वाहेगुरू" म्हणत आणि मग चाक अलगद पुढे नेत. आईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या तोंडानं रामरक्षा म्हणत होत्या, पण घाबरून पहिल्याच ओळीवर परत परत येत होत्या. आंटीजी घरीच थांबल्या, पुसायला, आवरायला, ह्यांच्या ऑफिसात निरोप द्यायला. घराची किल्ली त्यांच्याकडे होती. घंगाळ कुणाच्याच लक्षात नव्हतं.

मुलगी झाली, दिवेलागणीच्या आधी. मी तिला नीट पाहिलंही नाही. एक लालसर, चिमुकलं काहीतरी मल्याळी सिस्टरच्या हातांतून गेलं आणि दार बंद झालं. बारीकसा आवाज आला होता, मांजराच्या पिलासारखा, तोही थांबला. तिला काचेच्या पेटीत ठेवलंय असं सांगितलं. जगेल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आताच काही सांगता येत नाही. सिस्टरनं गळ्यातला क्रॉस मुठीत धरला आणि म्हणाली, "अम्मा, प्रे करो."

आठव्या महिन्याचं मूल. आपल्याकडे बायका म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी ते लहानपणापासून ऐकलं होतं. मला हसू आलं नाही. भीतीच्या वेळी हसू न येण्याची ती पहिलीच खेप होती, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरले.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या सकाळी, आई घरी जाऊन अंघोळ करून, कपडे घेऊन परत आल्या. मी त्यांची वाटच बघत होते. त्या आत पाऊल टाकतात न टाकतात तोच मी विचारलं, "आई, देव पाण्यात आहे ना?"

त्या थबकल्या. इतके दिवस ज्या देवाची मी चेष्टा केली होती, मराठीतली चेष्टा, त्याच्याबद्दल मी असा जीव टाकून विचारीन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. रात्रभर मी एकच गोष्ट धरून पडले होते, की बाकी काही असो, आईंनी त्याला पाण्यात कोंडलेलं आहे, त्याला काम केल्याशिवाय गत्यंतर नाही.

"नाही," आई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बाहेर आला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. काल आम्ही टॅक्सीत बसलो आणि आंटीजी घर आवरायला आत गेल्या. फरशी पुसली. घंगाळापाशी आल्या. सकाळचं कोमट पाणी गार झालं होतं. त्यांना राहवलं नाही. बच्चे का टाइम आ गया, तो भगवान जी का भी आ गया, असं म्हणून त्यांनी त्याला बाहेर काढलं, पुसलं आणि वर घेऊन गेल्या. आई सकाळी घरी गेल्या तर घंगाळात नुसतं पाणी.

"आई, आत्ताच्या आत्ता जा आणि त्याला परत घाला! ती अजून पेटीत आहे! काम झालेलं नाही!" मी बोलत होते आणि रडत होते. "तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत? काढायचा नव्हता! मध्येच काढला!"

आई खाटेवर बसल्या. माझा हात हातात घेतला. "बोलणार होते गं. तावातावानं जिना चढले. म्हटलं आज या पानिपतवालीला सोडत नाही. दार उघडंच होतं. आत बघते तर काय, शेगडीपासून थोडं दूर एक टोपली. टोपलीत कापूस. त्यात हा. अंगात पिवळं लोकरीचं झबलं, बोटाएवढं. डोक्यावर टोपी, तिला गोंडा. अंगावर पानिपतच्या कांबळ्याचा तुकडा. तिनं रात्रभर बसून विणलंय ते. डोळे सुजलेले तिचे. मला बघून तोंडावर बोट ठेवून म्हणते, 'श्श, अभी सोया है.'"

"मी येताना खाली काचेतून पाहून आले आपल्या बाळाला," आई म्हणाल्या. "अशीच आहे. टोपलीएवढ्या पेटीत. कापसात. टोपी घातलेली. वर दिव्याची ऊब. मला दोघांत फरकच दिसेना. दोघं वेळेआधी बाहेर आले. आता बाहेर आलेल्याला पुन्हा पाण्यात घालतात का? त्याला ऊब द्यायची. मी त्याला परत नाही घालणार. मी त्याला फार धमकावलं गं. मला भीती वाटत होती म्हणून. आता मी त्याला त्या बाईच्या स्वाधीन केलंय, आणि हिला त्याच्या."

"आणि आठवा महिना?"

"ते मी तिला विचारलं. म्हटलं, आठवा वाईट असतो ना? तर म्हणते, 'आठवाँ? बहनजी, कृष्ण भगवान भी तो आठवें थे!'"

"आई, तो आठवा मुलगा होता! आठव्या महिन्यातला नव्हे!"

"मी सांगितलं तिला. ती म्हणते, 'आठवाँ तो आठवाँ. बुरा होता तो वो क्यों आते?'" आईंनी डोळे पुसले. "मला उत्तर सुचलं नाही. तुला सुचतंय का?"

माझ्या डोळ्यांसमोर गोंड्याची टोपी घातलेला माझा बाळकृष्ण आला, इतके दिवस उघडा बसलेला, आता शेगडीशेजारी घोरत पडलेला. हसू आलं. मी ओठ दाबून धरले आणि सवयीनं रजई शोधू लागले. आई माझ्याकडे पाहत होत्या.

"हस," त्या म्हणाल्या. "हस गं. आता धक्का बसायचा नाही कुणाला."

मग मी हसले. टाके दुखत होते तरी हसले. आईही हसल्या, साता समुद्रापार ऐकू जाईल एवढ्या. मूल जगेल की नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना नाही, सिस्टरला नाही, आम्हाला तर नाहीच. तरी आम्ही दोघी हसत होतो, आणि मला आतून कळलं की माझा अबोला सुटलाय. मी त्याला काहीही मागितलं नाही. नुसतं म्हटलं, झबलं छान दिसतंय हं.

हे दारात आले ते आमचा आवाज ऐकून पांढरेफटक पडले. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही," आई म्हणाल्या. "तिळगूळ आणलायस का?"

मुलीनं वेळ घेतला. एक दिवस ग्रॅमभर वाढायची, एक दिवस नुसती झोपायची. सिस्टर तिला ड्रॉपरनं दूध पाजायची आणि रोज मूठ आवळून प्रार्थना करायची. आंटीजी रोज बाळकृष्णाला कोमट दूध दाखवायच्या आणि जिन्यातून ओरडून विचारायच्या, "आज कितना पिया?" त्यांना दोघांपैकी कुणाबद्दल विचारायचं असे ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. होळी झाली, थंडी ओसरली, आणि आम्ही तिला घरी आणलं.

आईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. घंगाळ चिंचेनं घासून लख्ख केलं होतं, त्यात ऊन पाणी काढलं होतं. घरातली पहिली अंघोळ. त्यांनी कोपर बुडवून पाहिलं, मग बाळाला हातावर पालथं घेऊन अलगद पाण्यात उतरवलं. आंटीजी वरून बाळकृष्णाला घेऊन आल्या होत्या, झबल्याटोपीसकट. आईंनी त्यांच्याकडे हात पुढे केला.

"लाओ इधर."

"फिर डुबाओगे?" आंटीजींनी त्याला छातीशी धरलं.

"बुडायेंगे नही. खेलने दो."

आंटीजींनी टोपी काढली, झबलं काढलं, आणि त्याला घंगाळात माझ्या मुलीसमोर ठेवलं. तिनं पाण्यात पाय झाडले. तोही हलला. दोघांवर पाणी उडालं आणि आईंचं लुगडं भिजलं.

मला टॉवेल कुठे ठेवलाय ते आठवेना. मी हाक मारली, "आई!"

दोघींनी एकदम ओ दिली. एक म्हणाली, "काय गं?" दुसरी म्हणाली, "आई!"